दादाच्या मोटारीची पक्की दुरुस्ती

रत्नागिरी शहरात आणि आजूबाजूच्या पन्नास गावांत पाणी खालून वर चढतं ते माझ्यामुळे. इतर मुलखांत पाणी उताराकडे धावतं. आमच्याकडे ते चढाकडेही धावतं, कारण मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी माझं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. मी एक दिवस आजारी पडलो तर अर्धा तालुका पारोसा राहील. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

मार्च ते मे तर मी माणूस नसतोच. विहिरी तळाला जातात, मोटारी जळतात, आंबेवाले फवारणीचे पंप कडेवर घेऊन दुकानात येतात, तापलेलं पोर दवाखान्यात आणावं तसे. एका बागायतदाराने फोनवर असा टाहो फोडला की मी मोटारीचं राहू दे म्हटलं आणि आधी त्याच्याकडे डॉक्टर पाठवला. फोन वाजत असतो, मी पळत असतो, घर मागे कुठेतरी असतं. एकदा मी अंगणात कुणाची तरी मोटार उघडून बसलो होतो. तीन हाका मारून झाल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून मला फोन लावला, नाक दाबून, आवाज बदलून. म्हणाली, "मी अंजनवेलहून बोलत्येय. आमच्याकडे ताटातलं अन्न तोंडापर्यंत चढत नाहीये." मी म्हटलं, "पत्ता सांगून ठेवा, परवा येतो." खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती याहून वाईट सांगेल.

तर अशा माणसाने कुणाकडे नुसतं जाऊन बसायचं कधी? आणि एक सांगतो, आमच्याकडे तसं कुणी जातही नाही. जाणाऱ्याच्या हातात काहीतरी हवं. लग्नाची पत्रिका हवी, उसनं नेलेलं पातेलं हवं, निदान चार शेवग्याच्या शेंगा तरी हव्यात. रिकाम्या हातांनी दारात उभे राहिलात की घरातली बाई हात पुसत बाहेर येते आणि तुमचा चेहरा वाचायला लागते, कोण गेलं म्हणून. माझा एक चुलतभाऊ एकदा खरोखरच गप्पा मारायला एका नातेवाइकाकडे गेला. त्यांनी चहा दिला, पोहे दिले, तासभर वाट पाहिली. हा काम सांगेना. शेवटी यजमान हळूच म्हणाले, "सांग बाबा, काय असेल ते सांगून टाक. आमची तयारी आहे." बिचाऱ्याला काहीतरी सांगणं भागच होतं. त्याने त्यांची शिडी मागितली. ती शिडी अजून त्याच्या पडवीत आडवी पडलेली आहे. त्याच्या घराला माळा नाही.

आता दादाबद्दल.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी पहिलीत होतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा बोटीवर लागला. तिथून त्याने पाठवलेल्या बुटांत मी शाळेत गेलो. बूट दोन नंबरांनी मोठे होते, मी वाढेन म्हणून. मी वाढलो तेव्हा बूट फाटले होते, पण दादाने दुसरे पाठवले, तेही दोन नंबरांनी मोठे. माझ्या वाढण्यावर त्याचा फार विश्वास. तीस वर्षं तो मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये होता. तेलवाला म्हणून चढला आणि फिटर होऊन उतरला. त्याच्या बोटीचं इंजिन आमच्या शाळेपेक्षा मोठं होतं आणि शाळेपेक्षा शिस्तीत चालायचं. भर समुद्रात ते बंद पडलं की कप्तान म्हणे देवाचं नाव घेण्याआधी दादाचं घ्यायचा. हे दादाने सांगितलेलं नाही, तो फार बोलत नाही. हे मीच त्याच्या वतीने सांगत आलोय.

नोकरी संपवून तो मालगुंडला घरी आला. घरामागे वाडी, तिच्यात चाळीस माड, पोफळी, एक विहीर, विहिरीवर मोटार आणि वहिनी. वहिनीने माडांना नातेवाइकांची नावं ठेवली होती. जो माड उंच वाढूनही नारळ धरत नव्हता तो मी.

वहिनी दोन वर्षांपूर्वी गेली, गणपतीनंतर. आठ दिवसांचं दुखणं. तेरावं झालं आणि सगळे पांगले. दादाची एकुलती एक मुलगी बदलापूरला असते. तिची नोकरी, तिची दोन लहान मुलं, तीही गेली. निघताना मी दादाच्या खांद्यावर हात ठेवून साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दादा, काळजी करू नकोस. मी दर आठवड्याला येणार!"

मी मोठ्याने जे बोलतो ते सहसा खरं नसतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दादा नुसता "हं" म्हणाला.

दिवाळी गेली, थंडी आली, मी गेलो नाही. मालगुंड म्हणजे काही लंका नव्हे. आरे-वारेच्या रस्त्याने दुचाकीवर तासाभराची वाट, तीही समुद्र बघत. पण जायचं तर काय काम म्हणून जायचं? आणि इकडे कामं तर अशी की एक संपलं की त्याला दोन पिल्लं. जानेवारीत दादाचाच फोन आला.

"मोटार पाणी उचलत नाय रे."

"येतो," मी म्हटलं. काम निघालं म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. रविवारी गेलो. कंडेन्सरची वायर सुटली होती. पंधरा मिनिटांचं काम, पण दादाने बांगड्याचं तिखलं करून ठेवलं होतं. जेवलो, पडवीत आडवा झालो, संध्याकाळी निघालो. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. यावेळी जोडातून हवा धरत होती. मग वायसर झिजलेला निघाला. मग आणखी काही. मोटारीला साडेसातीच लागली जणू. साडेतीन महिन्यांत मी सहा वेळा गेलो. सहाव्या वेळी तर रस्त्यातले कुत्रे माझ्यावर भुंकायचे थांबले.

मी मोटार उघडायचो आणि दादा शेजारी विहिरीच्या कठड्याला टेकून बसायचा. मी म्हणायचो, "चौदाचा पाना दे," तो सतराचा द्यायचा.

"दादा, चौदा आणि सतरा कळत नाही तुला?"

"चष्मा आत राहिला रे."

चष्मा कपाळावर असायचा. ते मला दिसायचं, पण मी मान खाली घालून कामात, त्यामुळे डोक्यात शिरायचं नाही. तो पाने चुकवत जायचा आणि मधेमधे बोलायचा. मच्छी आता मिळत नाही पूर्वीसारखी. मांजरीला पिल्लं झाली. वहिनीच्या लोणच्याची बरणी उघडली, अजून चांगलं आहे. एकदा म्हणाला, "सकाळी चहा ठेवताना अजून दोन कप पाणी घेतो मी. मग दोन्ही मीच पितो." मी म्हटलं, "पक्कड दे."

आता आठवलं की ती पक्कड माझ्याच जिभेला लावावीशी वाटते.

एप्रिल आला. आंब्याचा मोसम भर जोरात, दुकानात मोटारींची रांग, आणि त्यात दादाचा सातवा फोन. "पाणी चढतं आणि उतरतं. बादलीने भरून द्यावं लागतं दरवेळी." माझं डोकं फिरलं. सबंध जिल्ह्याच्या मोटारी माझ्या नावाने चळाचळा कापतात आणि माझ्या सख्ख्या भावाची मोटार दर पंधरा दिवसांनी मला वेडावून दाखवते! या खेपेला सोक्षमोक्ष लावायचा ठरवला. टेम्पोत नवी कोरी मोटार घातली, नवा पाइप, विहिरीच्या तळाशी बसतो तो पितळी फुटव्हॉल्व्ह, आपोआप चालू-बंद होणारा स्टार्टर. जुनं सगळं उपटलं आणि न बघता गोणीत कोंबलं. नव्याला लोखंडी पेटी केली आणि पेटीला कुलूप लावलं.

दादा बघत होता. "एवढं कशाला रे?"

"आता दहा वर्षं हिला हात लावायचा नाही."

"बिघडणारच नाय?"

"बिघडली तर माझी मिशी उतरव."

"तुला मिशी कुठाय?"

"म्हणून तर एवढ्या खात्रीने सांगतोय."

तो हसला नाही. बटण दाबलं तसं पाणी पोफळींच्या पाटात असं उसळलं की गेल्या जन्मीचं साठून राहिलं होतं की काय. तो पाण्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, खूश झाला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "तुझी खेप वाचली."

कुलपाची किल्ली मी खिशात टाकली. उगाच कुणी हात लावायला नको. साडेअकराला मी परत निघालोसुद्धा. तिखल्यासाठी आणलेले बांगडे तसेच टोपलीत होते. तीन दुरुस्त्या वाट बघत होत्या, थांबणं शक्य नव्हतं. त्या दिवशी मी वाटेत भेटेल त्याला सांगत सुटलो की मी माझ्या भावाचं दुखणं कायमचं घालवून आलो.

त्यानंतर फोन नाही. एक आठवडा, दोन, पाच. मधे एकदा मीच केला.

"मोटार कशी आहे?"

"झकास."

"बरं."

"बरं."

झालं. मोटारीची चौकशी झाली. दादा कसा आहे हे विचारायचं राहिलं.

मेच्या शेवटी, एका बुधवारी, बदलापूरहून पुतणीचा फोन आला. आनंदात होती. "काका, बाबा एकदाचे हो म्हणाले! रविवारच्या गाडीने येतायत. कायमचे."

मी फवारणीच्या पंपाचं नळकांडं हातात घेऊन उभा. "कायमचे म्हणजे?"

"म्हणजे कायमचे. घर बंद करून. वाडी शेजारच्यांना बघायला देतायत. आई गेल्यापासून मी मागे लागलेय त्यांच्या. दरवेळी एकच, मोटार बिघडलीय, तुझा काका येणार आहे, ती नीट झाल्याशिवाय कसा येऊ? आणि गेल्या आठवड्यात आपणहून म्हणाले, इथे आता माझ्यावाचून काही अडत नाही, येतो मी."

"बरं," मी म्हटलं.

"काका, तुम्हीच ती मोटार पक्की करून दिलीत ना? थँक्यू हं."

एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला ज्या शिव्या दिल्या त्यांतली एकही त्या थँक्यूइतकी लागली नाही.

फोन ठेवला आणि मी गोणी शोधली. दादाची जुनी मोटार दुकानाच्या कोपऱ्यात पाच आठवडे तशीच पडली होती. उघडली. आतून लखलखीत. बेअरिंग ठणठणीत, वाइंडिंग शाबूत, सगळीकडे ताजं ग्रीस, आणि ते मी लावलेलं नव्हतं, मी इतकं निगुतीने लावत नाही. मग फुटव्हॉल्व्ह हातात घेतला. त्याची झडप अर्धवट उघडी राहिली होती. आत सुपारीच्या सालीचा तुकडा. अशा साली विहिरीत पडतातच. पण हा तुकडा चाकूने तासलेला होता, झडपेच्या मापाने. आणि तो निसटून मोटारीत जाऊ नये, पंख्याला इजा होऊ नये, म्हणून तांब्याच्या बारीक तारेने जाळीला बांधलेला. तारेला असा एकसारखा पीळ की जणू मशीनवर घातलाय. बोटीवर इंजिन थरथरून नट सुटू नयेत म्हणून असा पीळ घालतात. लहानपणी दादा सुट्टीवर आला की माझ्या सायकलच्या नटांना घालायचा.

घरी नेऊन तो फुटव्हॉल्व्ह मी बायकोसमोर ठेवला. तिला पंपातलं काही कळत नाही. तिने तारेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"अहो, दादांनी तीस वर्षं जहाजाचं इंजिन चालवलं ना?"

"हो."

"जे आपल्या शाळेपेक्षा मोठं होतं?"

"हो."

"आणि त्यांना ही एवढीशी मोटार जमत नव्हती?"

मी गप्प. गेली पंचवीस वर्षं तिला माझं असं गप्प बसणं बघायची इच्छा होती, पण त्या दिवशी तिने त्याचा काही फायदा घेतला नाही. एवढंच म्हणाली, "एकसष्टीसुद्धा करू दिली नाही त्यांनी, कुणाला त्रास नको म्हणून. ते काय तुम्हाला सांगणार, ये आणि बस?"

माझ्या डोळ्यांपुढून पाइप जाईना. वीस हात खोल विहीर, पाण्याने भरलेला पाइप. तो वर ओढायला मला कठड्याला पाय लावावा लागतो. एकोणसत्तर वर्षांचा माणूस तो एकट्याने ओढून काढत होता, झडपेत साल बसवत होता, तारेचा पीळ घालत होता, परत सोडत होता आणि मग आत जाऊन बांगडे आणायला कुणाला तरी सांगत होता. आणि मी त्यावर कुलूप घालून आलो. त्याला घर सोडायला लावायला कुणी सावकार आला नव्हता की पूर आला नव्हता. मी पोचलो होतो, पाना घेऊन.

गुरुवारी सकाळी निघालो. दोन आंबेवाल्यांना सकाळची वेळ दिली होती, एका लॉजची टाकी रिकामी होती. सवयीने हत्यारांची बॅग दुचाकीला लावायला गेलो, तर बायकोने ती हातातून काढून घेतली. "ही असली की तुम्ही खाली बघून बोलता," म्हणाली.

दादा पडवीत होता. पत्र्याची ट्रंक उघडी, बाजूला घड्या घातलेले कपडे. काथ्याच्या दोरीची वेटोळी तो एकावर एक रचत होता, शेजाऱ्यांना द्यायला. मला बघून उठला.

"मी फोन नव्हता केला."

"माहितीय."

त्याने दुचाकीकडे बघितलं. "बॅग कुठाय?"

"नाही आणली."

"मग करणार काय?"

"बसतो."

त्याने माझा चेहरा नीट बघितला. "घरी सगळं बरं आहे ना रे?"

"सगळं बरं आहे. तू बस."

आम्ही बसलो. तुम्हाला सांगतो, मी बोलण्याने माणसाला झोपेतून उठवू शकतो, मेलेल्या गिऱ्हाइकाकडून आवाज काढू शकतो, पण त्या पडवीत मला शब्द सुचेना. हातांचं काय करायचं तेही कळेना. एकदा मी दोरीचं वेटोळं उचललं, दादाने ते काढून घेतलं. फोन वाजला. आंबेवाला. मी उचलणार एवढ्यात दादाने हात पुढे केला, फोन कानाला लावला आणि बोटीवरच्या आवाजात म्हणाला, "तो कामात आहे. उद्या बोलेल." पलीकडून काहीतरी आरडाओरड झाली. "मोटार पेटली? मग आधी बटण बंद कर मेल्या, फोन काय करतोस?" आणि फोन ठेवून दिला, उलटा.

फोन तसाच राहू देऊन मी म्हटलं, "पाइप जड असतो रे. एकट्याने ओढायचा नसतो."

"कुठला पाइप?"

तो माडांकडे बघत राहिला.

"ओला असला की जास्तच जड," तो म्हणाला.

मग त्याने सुपारी कातरायला घेतली. बोलला तो माझ्याकडे न बघता.

"ती गेली त्याच्या आदल्या आठवड्यात. गणपती नुकते गेलेले. मखर काढायचं, भांडी माळ्यावर टाकायची, वाडीत गवत माजलेलं. ती तिथे," त्याने दाराजवळची जागा दाखवली, "तिथे बसलेली. अंग मोडून आलंय म्हणाली. मला म्हणाली, जरा बसा ना. मी म्हटलं, आलोच, एवढं गवत काढतो. दुपारी परत म्हणाली. मी म्हटलं, आलोच. संध्याकाळी आलो तर ती आत जाऊन निजलेली. मग ताप, मग दवाखाना." अडकित्ता थांबला. "बोटीवर असताना नऊ-नऊ महिने बसायला मिळालं नाही. घरी आलो तर गवत."

मी वाडीकडे बघितलं. गवत होतंच. गवताला काय.

"म्हणून तुला कसं म्हणणार मी?" दादा म्हणाला. "तुझ्याकडेही गवतच आहे. माझ्याहून जास्त."

मला रडू आलं असं मी लिहिणार नाही. कारण मी लिहिलं तर पूर आला, पाट वाहिले, पोफळी भिजल्या असं लिहीन आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही. थोडंसंच आलं. दादाने बघितलं नाहीसं केलं आणि मला सुपारी दिली.

मग मी म्हटलं, "दादा, जाऊ नको."

"तिकीट काढलंय पोरीने."

"मला माहितीय. पोरीकडे जायचं तर जा. तुला जावंसं वाटत असेल तर मी स्वतः गाडीत बसवून देतो. पण इथे कुणी नाही म्हणून जाऊ नको."

"आहे कोण?"

त्याने हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं. म्हणून मला मोठ्याने काही बोलता येईना.

"मंगळवारी येत जाईन," मी म्हटलं.

"मंगळवारी तुझं दुकान असतं."

"बंद ठेवीन."

"मोसमात?"

"मोसमातसुद्धा."

"खोटारडा आहेस तू," दादा म्हणाला. "लहानपणापासून."

"आहे."

तो आत गेला. मला वाटलं, संपलं. पण आतून कढईचा आवाज आला. कुळथाची पिठी आणि भात, तोंडी लावायला वहिनीचं लोणचं, बरणीच्या तळातलं. जेवताना आम्ही कशाबद्दलही बोललो नाही. जेवून मी आडवा झालो तो असा झोपलो की पाच वाजले. उठलो तर ट्रंक तशीच उघडी, कपडे तसेच, दादा पायरीवर मांजरीच्या पिल्लाशी काहीतरी बोलत बसलेला. जाणार की राहणार, ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. मला ते विचारायचा हक्क नव्हता, एवढं त्या दिवशी कळलं होतं.

शुक्रवार गेला. मी दुकानात तीन मोटारी उलट्या जोडल्या. एक तर पाणी टाकीतून विहिरीत सोडायला लागली.

शनिवारी संध्याकाळी पुतणीचा फोन. आनंदात नव्हती.

"काका, तुम्ही काय सांगितलंत बाबांना?"

"का?"

"तिकीट रद्द कर म्हणतायत. श्रावणात येतो म्हणे, पंधरा दिवस. आत्ता नाही, मंगळवारी भाऊ येणार आहे, घरी कुणी असायला नको का, असं म्हणाले." मग म्हणाली, "काका, मी रागावत नाहीये. पण तिथे ते एकटे पडलेत हे मला इथे बसून दिसतं. इथे मुलं तरी असतात त्यांच्याभोवती. मी त्यांना तिथे ठेवते ते तुमच्या एका शब्दावर. तुम्ही खरंच जाणार आहात का? का तुमचं नेहमीचं?"

माझं नेहमीचं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. तेवढ्या वेळात माझ्या तोंडात सात उत्तरं तयार झाली होती, एकाहून एक भारी. समुद्र आटला तरी जाईन, आंबे झाडावर सडले तरी जाईन, वगैरे.

"जाणार," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या त्या बरंमध्ये अर्धा विश्वास होता. अर्ध्याने चालवायचं होतं.

तेव्हापासून मंगळवारी दुकान बंद असतं. दोन आंबेवाले कायमचे तुटले. एकजण अजून रस्त्यात भेटला की तोंड फिरवतो. मंगळवारी मालगुंडला आम्ही काय करतो? काही नाही. दादाशी गप्पा मारणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघणं. कधी मी निघायच्या वेळी त्याचं सकाळच्या प्रश्नाचं उत्तर येतं. एखाद्या दिवशी गवत काढतो, दोघं मिळून, पण बसायची वेळ झाली की विळा ठेवतो, निम्मं राहिलं तरी. श्रावणात तो मुलीकडे जाऊन आला, बदलापूरच्या सोसायटीच्या पंपाला नावं ठेवत. आला तो सोमवारी. मी म्हटलं, अजून चार दिवस राहायचं होतंस. मग मला कळलं की सोमवार का.

आणि एक मंगळवार माझा चुकला. खोटं कशाला सांगू. नगरपालिकेच्या शाळेची मोटार जळली होती, पोरांना प्यायला पाणी नव्हतं, मी सकाळी आठला तिथे गेलो तो बाहेर पडलो तेव्हा दुपारचे चार वाजून गेलेले. दादाला कळवायचं डोक्यातून गेलं. हात धूत होतो तेव्हा फोन वाजला. दादाचा. मला वाटलं, आता सांगणार, मोटार पाणी उचलत नाय.

"का रे," तो म्हणाला, "आला नाहीस?"

सरळ, एवढंच. एकोणसत्तर वर्षांत या माणसाने कुणाला असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं.

"चुकलं दादा. काम निघालं."

"हं. मी जेवायचा थांबलोय."

"चार वाजलेत!"

"मग ये लवकर."

मी ओल्या हातांनीच दुचाकीला किक मारली.